ॲडमिशन घ्यायची तर अंबाजोगाईत!

कॉलेज लाइफ म्हटलं की आपल्याला एफसी रोड आठवतो, नाही तर रुईयाचा नाका. पण बालाघाटाच्या डोंगररांगेवर बसलेलं बीड जिल्ह्यातलं एक गाव दर पावसाळ्यात पाठीवर बॅगा घेतलेल्या पोरापोरींनी भरून जातं. या वेळी वीकएंडला कोकण नको, चला अंबाजोगाईला!

बारावीचा निकाल लागला की ऑफिसात बसलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला एक फोन हमखास येतो. गावाकडचा मामेभाऊ असतो, चुलतबहीण असते, नाही तर शेजारच्या काकूंची धाकटी. ‘दादा, पुण्यात कुठलं कॉलेज चांगलंय?’ एक डोळा एक्सेल शीटवर ठेवून आपण चार नावं सांगतो. फर्ग्युसन, एसपी, मॉडर्न, गरवारे. मग कॉट बेसिसचं भाडं सांगतो, मेसचा रेट सांगतो, आणि पलीकडे एकदम शांतता. ती शांतता तुम्ही कधी ऐकली असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे, बॉस.

फोन करणाऱ्याचं गाव बीड, लातूर किंवा परभणीकडचं असेल, तर त्याच्या घरापासून तास-दोन तासांवर एक अख्खं कॉलेज टाऊन आहे, हे आपल्या ध्यानातच नसतं. लोकसंख्या किती? २०११ च्या जनगणनेनुसार पाऊण लाखाच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या टाऊनशिप धरल्या की झालं! पण एवढ्याशा गावात मेडिकल कॉलेज आहे, इंजिनिअरिंग आहे, पॉलिटेक्निक आहे, आर्ट्स-कॉमर्स-सायन्सची जुनी कॉलेजं आहेत आणि समाजकार्य शिकवणारंही आहे. मराठवाड्याची सांस्कृतिक राजधानी, मराठवाड्याचं पुणे, अशी बिरुदं गावाला चिकटलेली आहेत. बिरुदांचं जाऊ द्या. दर दिवाळीनंतर अर्धं घरदार डोक्यावर घेऊन जो जिल्हा बाहेर पडतो, त्या जिल्ह्यातलं हे गाव पोरांना ‘तीन वर्षं एका जागी थांब’ असं म्हणतं. ही ऑफर कुठल्याच प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेली नसते. ती समजून घ्यायची तर एकदा तिथे जायलाच हवं.

एसटी, घाट आणि झोपलेला कंडक्टर

पुण्याहून अंबाजोगाई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीची गाडी पकडायची आणि पहाटे बीडला डोळे उघडायचे. बीड सोडलं की मांजरसुंब्याला गाडी हायवे सोडून डावीकडे वळते. मग नेकनूर, केज आणि दोन्ही बाजूंना ज्वारी, कापूस, सोयाबीन, मधूनच उसाचा हिरवा तुकडा. प्रत्येक फाट्यावर दोन-चार पोरंपोरी चढतात. खांद्याला सॅक, हातात प्लास्टिकच्या कव्हरातला पास. हा पास म्हणजे इथलं खरं आयकार्ड. विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटी चक्क फुकट. पदवीला नाव घातलं की मात्र पासाचे पैसे सुरू होतात. आपल्या दृष्टीने ती रक्कम म्हणजे मल्टिप्लेक्समधला पॉपकॉर्न. पण ज्या घरात मुलीला पुढे शिकवायचं की नाही यावर आधीच खलबतं चाललेली असतात, तिथे ‘आता पासालाही पैसे?’ हा एक मुद्दा वाढतो.

अंबाजोगाईला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन परळी वैजनाथ, साधारण २५ किलोमीटर. खुद्द बीड शहरात अहिल्यानगरहून पहिली प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. तोवर जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणच्या लोकांसाठी रेल्वे म्हणजे दुसऱ्याच्या गावी जाऊन पाहायची गोष्ट होती. अशा जिल्ह्यात एसटी ही नुसती गाडी राहत नाही. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला तेव्हा कॉलेज उघडं असून वर्गात पोहोचायचं कसं, हाच इथला पेपर होता.

गावात कॅम्पस की कॅम्पसात गाव?

स्टँडवर उतरून चालायला लागा. दहा मिनिटांत तुमच्या लक्षात येईल की इथल्या पाट्या नीट वाचल्या तर इतिहासाचा एक पेपर फुकटात सुटतो. खोलेश्वर महाविद्यालय. हा खोलेश्वर कोण? तर देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा सेनापती. अंबाजोगाईत यादवकालीन शिलालेख आहेत, दगडी मंदिरं आहेत आणि त्या सेनापतीचं नाव आज हजेरीपटावर आहे. योगेश्वरी महाविद्यालय. ही गावाची देवी, अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. लग्नानंतर जोडीने दर्शनाला आलेले पुण्या-मुंबईचे गोखले, जोशी, दामले तुम्हाला देवळात भेटतील. पण कॉलेजच्या फाटकाकडे त्यांची नजर क्वचितच जाते.

आणि तिसरं नाव, जे इथे सगळीकडे भेटतं: स्वामी रामानंद तीर्थ. या नावाचं आर्ट्स-सायन्स कॉलेज आहे, मेडिकल कॉलेज आहे. निजामाच्या राजवटीत या गावाचं नाव होतं मोमिनाबाद. मूळचे व्यंकटेश खेडगीकर असलेले स्वामीजी आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग १९३० च्या दशकात इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते शाळेतून थेट लढ्यात गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, त्या लढ्याचं नेतृत्व करणारा माणूस असा आधी हेडमास्तर होता. शाळा चालवणं हेच तेव्हा राजकारण होतं म्हणा ना!

त्या काळी मॅट्रिक झालेल्या पोराला पुढे शिकायचं तर हैदराबादला जावं लागे. तिथलं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, शिक्षणाचं माध्यम उर्दू. मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालं. नामांतराच्या दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला त्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. बीड जिल्ह्यातली कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली. म्हणून अंबाजोगाईत बीए केलेल्याच्या पदवीवर जे नाव असतं, ते मिळवायलाही इथल्या माणसांनी मार खाल्लेला आहे. कन्व्होकेशनच्या फोटोत हे दिसत नाही, एवढंच.

कॉलेजच्या दिवसांतली दोस्ती कुठवर जाते याचा नमुना हवाय? प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे दोघेही अंबाजोगाईत शिकले. नाथ्र्याहून आलेल्या मुंड्यांची महाजनांशी ओळख झाली ती इथल्या कॉलेजच्या दिवसांत. पुढे एक दिल्लीत केंद्रीय मंत्री झाला, दुसरा १९९५ मध्ये राज्याचा उपमुख्यमंत्री. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, पण छोट्या गावातल्या कट्ट्याला कमी लेखू नये, हे त्यांच्याकडे बघून नक्की कळतं.

‘स्वाराती’चा रुबाब

१९७४ मध्ये इथे सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज अशी त्याची ओळख गावात कुणीही छाती फुगवून सांगतो. पूर्ण नाव स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. एवढं कोण म्हणणार? पेपरवाल्यांनी त्याचं ‘स्वाराती’ करून टाकलं. ‘स्वारातीला नेलंय’ म्हटलं की पेशंट सीरियस आहे हे आसपासच्या चार जिल्ह्यांत कळतं.

इथे एमबीबीएसला मुंबई-नागपूरची पोरंही येतात. नीटच्या यादीत नाव कुठे लागेल याचा भरवसा नसतो. २०२० पर्यंत राज्यात मेडिकलसाठी ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता. म्हणजे ७० टक्के जागा आपापल्या विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात मुळात कॉलेजंच कमी, त्यामुळे इथल्या मुलांना जास्त मार्क असूनही मागे राहावं लागतं, अशी जुनी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये हा कोटा रद्द झाला.

बाहेरून आलेल्या पोरांचा पहिला धक्का ॲनाटॉमीचा नसतो, भाषेचा असतो. ‘डोस्कं दुखायलंय’, ‘आंग मोडून आलंय’, ‘जीव घाबरा व्हायलाय’ असं म्हणणाऱ्या आजीचं नेमकं काय दुखतंय, हे पुस्तकात सापडत नाही. साडेचार वर्षं शिकायचं आणि एक वर्ष इंटर्नशिप. शेतातून थेट बैलगाडीच्या धुळीसकट आलेला पेशंट, साप चावलेला, फवारणीचं औषध पोटात गेलेला, अडलेली बाळंतीण. हे सगळं वॉर्डात बघून झालेला डॉक्टर पुढे कुठेही गेला तरी ओपीडीला घाबरत नाही, अशी या कॉलेजची शेखी. बरं, सरकारी कॉलेजातून पास झालं की एक वर्षाच्या सेवेचा बॉण्ड असतोच. काही जण तो मोजून पुरा करतात, काही जण रमतात.

रूम केली का?

आता येऊ मेन मुद्द्यावर. राहायचं कुठे, खायचं काय? इथे ‘पीजी’ हा शब्द फारसा चालत नाही. इथे ‘रूम करतात’. वाड्यातली एक खोली, तीन पोरं, तीन गाद्या, एक गॅस नाही तर हिटर, भिंतीवर पिरिऑडिक टेबल किंवा स्पर्धा परीक्षेचा नकाशा. मालकीणबाईंना काकू म्हणायचं, मेसवालीला मावशी. रात्री उशिरा आलात तर काकू दुसऱ्या दिवशी हमखास विचारणार, ‘काल कुठं गेला व्हतास रे?’ प्रायव्हसीच्या नावाने बोंब. पण ताप आला की त्याच काकू पेज करून आणतात. आपल्या सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमधल्याचं नाव किती जणांना माहीत असतं, सांगा पाहू?

मेसमध्ये रोज भाकरी-चपाती, वरण, एक भाजी. रविवारी फीस्ट. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घरून आणलेला, तो रूममधल्या सगळ्यांचा. आणि हे सगळं परवडत नसेल त्यांच्यासाठी एसटीचा डबा! जवळच्या खेड्यातली आई सकाळी डबा भरते, फाट्यावर गाडीत ठेवून देते आणि पोरगं स्टँडवर येऊन घेऊन जातं. डब्याला सुतळी, सुतळीला नावाची चिठ्ठी. मुंबईच्या डबेवाल्यांवर मॅनेजमेंटच्या पोरांनी केस स्टडी केले. या डब्यांवर कुणी करेल तर कंडक्टर-ड्रायव्हर लोकांचा एक चॅप्टर त्यात हवाच.

पहाटे साडेपाचला मैदानावर गेलात तर वेगळंच कॉलेज भरलेलं दिसेल. पोलीस भरती, सैन्य भरतीची तयारी करणारी पोरंपोरी राउंड मारत असतात. ऑलिम्पिकमध्ये धावलेला स्टीपलचेसर अविनाश साबळे याच जिल्ह्याचा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर तो थेट सैन्यात गेला. त्यामुळे इथे धावणं हा फिटनेसचा फंडा नाही, करिअर आहे. दिवसा लेक्चर, संध्याकाळी अभ्यासिका. छोट्या छोट्या खुराड्यांत टेबललॅम्पखाली वाकलेली डोकी. बीएचं वर्ष चालू आहे आणि समोर एमपीएससीचं पुस्तक, हे इथलं कॉमन चित्र.

टाइमपासची ठिकाणं

नुसता अभ्यास करून कसं चालेल? इथले कट्टेसुद्धा जरा हटके आहेत. गावाबाहेर दरीच्या बाजूला मुकुंदराजांची समाधी. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराज, ज्यांना परंपरा मराठीचे आद्यकवी मानते. ते अंबाजोगाईचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. पण इथल्या पोरांना त्याचं काय? पावसाळ्यात दरी हिरवी झाली की ग्रुपचा फोटो तिथेच निघतो. हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी लेणी, त्यातले दगडी हत्ती, नंदी आणि मंडप, हा दुसरा अड्डा.

दासोपंतांची पासोडी ही तर परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी गोष्ट. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. त्यांनी अद्वैत वेदान्तातलं पंचीकरण सुमारे ४० फूट लांबीच्या खादीच्या कापडावर लिहून काढलं. आकृत्या, खुलासे, सगळं एकाच कापडावर. अख्खा सिलॅबस एका चादरीवर! आपण रात्र जागून केलेल्या नोट्स त्यापुढे म्हणजे बसचं तिकीट.

नोव्हेंबरात २५ तारखेच्या सुमारास, यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतिदिनाला, गावात तीन दिवसांचा समारोह असतो. शास्त्रीय संगीत, कवी संमेलन, चित्रप्रदर्शन. सवाई गंधर्वला तिकीट काढून, खुर्चीसाठी धावपळ करून जे ऐकतो, तसलं गाणं इथे सायन्सच्या पोराला प्रॅक्टिकल संपवून चालत जाऊन ऐकता येतं. आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव! एकांकिका, लावणी, भारूड, मूकनाट्य. त्या चार दिवसांसाठी वर्षभर तालमी करणारे ग्रुप प्रत्येक कॉलेजात असतात. ‘पुरुषोत्तम’ला जी धाकधूक असते, तीच इथे.

दिवाळीनंतरचा वर्ग

इथवर वाचून वाटलं असेल, वा, मस्त! पण अंबाजोगाईचं कॉलेज लाइफ खरं कळायचं तर दिवाळीनंतर वर्गात डोकवायला हवं.

बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखोंच्या संख्येने माणसं ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. कारखाना सुरू झाला की ट्रॅक्टर भरून गाव निघतं, फडाजवळ कोपी घालून राहतं आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की परततं. म्हणजे बरोबर पहिल्या सेमिस्टरची परीक्षा आणि दुसऱ्या सेमिस्टरचं शिकवणं ज्या महिन्यांत येतं, ते महिने.

मग वर्गातली काही बाकं मोकळी होतात. कुणी आईबापाबरोबर अर्धा कोयता म्हणून गेलेला असतो. कुणी म्हातारी आजी आणि धाकटी भावंडं सांभाळायला गावी थांबलेली असते, म्हणजे कागदावर शिकते, प्रत्यक्षात घर चालवते. आणि काही जणींची नावं पुढच्या वर्षी यादीत दिसतच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के मुलींचं लग्न अठरा पुरं व्हायच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २२ च्या आसपास होता. जोडी झाली की पूर्ण कोयत्याची उचल मिळते, हा हिशोब त्यामागच्या कारणांपैकी एक. आणि पोरीला फडावर न्यायचं तर भीती, गावी एकटं ठेवायचं तर जास्त भीती, हे दुसरं.

आता विचार करा, या हिशोबात होस्टेलची एक कॉट म्हणजे काय असेल. आपल्यासाठी होस्टेल म्हणजे मॅगी, रात्रीची गाणी आणि रॅगिंगचे किस्से. इथे होस्टेलमध्ये जागा मिळाली म्हणजे त्या वर्षी लग्न नाही, फड नाही, परीक्षा आहे. बापाला सांगायला एक पत्ता मिळतो की पोरगी कुठे आहे. बीएला कोणते विषय, सर कसे शिकवतात, हे प्रश्न त्यानंतरचे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आणली. ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी ८२ वसतिगृहं, हा त्याचा आराखडा. त्यातलं प्रत्येक वसतिगृह वेळेवर उघडणं, म्हणजे ट्रॅक्टर निघायच्या आधी उघडणं, याला इथे फार महत्त्व आहे. डिसेंबरात मिळालेली कॉट काय कामाची?

नव्या शैक्षणिक धोरणाचंही तसंच. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही ते आलं. मेजर, मायनर, क्रेडिट बँक, एक वर्षाला सर्टिफिकेट, दोनाला डिप्लोमा, तीनला पदवी, चारला ऑनर्स. शहरात ‘मल्टिपल एक्झिट’ हा शब्द भारी वाटतो. स्टार्टअप काढायला मधेच बाहेर पडा, गॅप इयर घ्या वगैरे. बाहेर पडायच्या वाटा बीड जिल्ह्याला शिकवाव्या लागत नाहीत. परत यायची वाट मात्र हवी होती. कमावलेली क्रेडिट्स जमा राहतात आणि दोन वर्षांनी परत येता येतं, हे जर फडावरच्या पोरीपर्यंत पोहोचलं, तर या धोरणाचा सगळ्यात मोठा फायदा पुण्यात नाही, इथे होईल.

आणि काय नाही, तेही सांगतो

गुडी-गुडी चित्र रंगवून उपयोग नाही. कॅम्पस प्लेसमेंटला आयटी कंपन्यांच्या रांगा लागतील, ही अपेक्षा ठेवून इथे येऊ नका. इंटर्नशिप म्हटली तर शेतीमाल, दवाखाने, बँका, पतसंस्था किंवा सामाजिक संस्था. त्यातही डॉ. द्वारकादास लोहियांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ‘मानवलोक’सारखी संस्था गावातच आहे. पाणलोट, दुष्काळ, महिलांचे प्रश्न यावर काम कसं चालतं ते पाहायचं तर यापेक्षा चांगली लॅब नाही. पण जाहिरात, फॅशन, मीडिया यातलं काही हवं असेल, तर पदवीनंतर गाव सोडावंच लागेल.

पाण्याचं टेन्शन असतं. मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आठवतंय ना? अंबाजोगाईची तहानही त्याच धरणावर. त्यामुळे रूम बघताना ‘वायफाय आहे का?’ याआधी ‘नळाला पाणी किती दिवसांनी येतं?’ हे विचारायचं. इंग्रजीचा बाऊ सगळीकडे आहे, इथे जरा जास्तच. सायन्सचं पुस्तक इंग्रजीत आणि शिकवणं निम्मं मराठीत, हा प्रकार पहिल्या वर्षी बरा वाटतो आणि इंटरव्ह्यूला अंगाशी येतो. ज्यांना हे आधीच कळतं ते दुसऱ्या वर्षापासून ग्रुप करून बोलायला लागतात. ज्यांना कळत नाही ते पुण्यात येऊन क्लास लावतात.

मग काय सांगायचं?

ज्याला कॉम्प्युटर सायन्समध्ये थेट कंपनीची वाट हवी आहे आणि घरी खर्च झेपतो, त्याने खुशाल पुण्याला यावं. मेडिकल लागलं आणि यादीत अंबाजोगाई आलं तर नाक मुरडू नये, उलट पार्टी द्यावी. आणि ज्याचा किंवा जिचा खरा प्रश्न ‘कुठलं कॉलेज’ हा नसून ‘तीन वर्षं पुरी होतील का’ हा आहे, त्याने अंबाजोगाईचा आधी विचार करावा. पुण्यात पैसे संपले की परत जावं लागतं. इथे पैसे संपले तर डबा एसटीने येतो, काकू भाड्यासाठी महिनाभर थांबतात आणि वर्गात पंधरा दिवस दिसला नाहीस तर सर गावातल्या कुणाला तरी फोन लावून विचारतात, पोरगं कुठंय? प्रत्येक सर असे असतात असं नाही. पण छोट्या गावात असे सर सापडायची शक्यता जास्त असते.

आपण मोठ्या शहरात बसून त्यासाठी काय करू शकतो? फॉर्म भरायला मदत. गंमत वाटेल, पण पोरं अभ्यासात नाही, फॉर्ममध्ये अडकतात. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल. होस्टेलला नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ, हा जुलै २०२४ चा निर्णय. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, कागद वेगळे, तारखा वेगळ्या. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, आधार जोडलेलं बँक खातं. यातला एक कागद कमी पडला तर अख्खं वर्ष लटकतं. लंच ब्रेकमधला अर्धा तास आणि ऑफिसचा प्रिंटर, एवढं भांडवल आपल्या प्रत्येकाकडे आहे. आणि हे काम गणपतीच्या आत उरकायचं, कारण दिवाळीनंतर फोन लावला तर तो उसाच्या फडात वाजतो.

जायचंय?

कसं जाल: पुण्याहून बीडमार्गे एसटी किंवा खासगी बस. रेल्वेने परळी वैजनाथ किंवा लातूर गाठून पुढे रस्त्याने. परळी साधारण २५ किलोमीटर, लातूर ५५-६०, बीड ९० च्या आसपास.

कधी जाल: जुलै ते सप्टेंबर डोंगर हिरवे आणि ॲडमिशनची गडबड. गाणं ऐकायचं तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. उन्हाळ्यात जाण्याचं धाडस नको.

काय पाहाल: योगेश्वरी मंदिर, हत्तीखाना लेणी, मुकुंदराज समाधी, दासोपंतांची समाधी. वेळ असेल तर परळीचं वैद्यनाथ मंदिर.

काय खाल: ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. एखाद्या मेसमध्ये पाहुणा म्हणून बसा, हॉटेलपेक्षा बरं जेवाल.

धाकट्या भावंडाला बरोबर घेऊन जात असाल तर कॉलेजच्या ऑफिसात तीन गोष्टी नक्की विचारा. होस्टेल कुठल्या तारखेला उघडतं? लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत चालू असते? आणि दिवाळीनंतर वर्गात किती पोरं असतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथे चटकन मिळतं, तिथे ॲडमिशन घ्या. तिथे पोरं मोजणारं कुणी तरी आहे.